चिनीदादचा परवाना

माणूस जिवंत की मेला हे यम ठरवतो, अशी आपली भाबडी समजूत असते. चांद्याकडच्या मूल गावाच्या अलीकडं एका तलावकाठच्या वस्तीत हा अधिकार पंचांकडे होता, आणि त्यांच्यापेक्षा यम परवडला असं म्हणायची पाळी त्यांनी रुखमाबाईवर आणली.

तिचा नवरा केवळराम जातीचा ढिवर, जाळं फेकण्यात पटाईत. पण एका वर्षी तलाव आटला तसा तो मजुरी शोधत नागपूरला गेला. तिथं त्याला अरकाटी भेटला. दूरदेशी मजूर धाडणारे हे दलाल तेव्हा स्टेशनावर गळ टाकूनच बसलेले असत. गोड बोलून त्यानं केवळरामला कलकत्त्याला नेलं, गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, अंगठा घेतला आणि जहाजात घातलं. जहाज लागलं ते ट्रिनिडाड बेटाला. उसाच्या मळ्यांत राबायला गेलेली आपली माणसं त्या बेटाला चिनीदाद म्हणत. ही गोष्ट एकोणीसशे पंधराची. गोदीवरूनच पळून आलेल्या एका सोबत्यानं गावात एवढीच बातमी आणली, की केवळराम जहाजात चढला. मागं राहिली सतरा वर्षांची रुखमा आणि तिच्या मांडीवरची प्रेमिला.

प्रेमिला लग्नाची झाली तेव्हा वराकडच्यांनी विचारलं, बाप कुठं? समुद्रापार गेला म्हटल्यावर त्यांनी चोख न्याय केला. बाप जिवंत असेल तर तो बाटला, म्हणजे मुलगीही बाटलेल्याची. मेला असेल तर काही अडचण नाही. रीतही हाताशीच होती. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, तो जाळायचा आणि सुतक पाळून मोकळं व्हायचं. धाकटा दीर सोमाजीनं पुतळ्याला आग दिली, डोकं भादरून घेतलं. सारी जात तेरवी जेवली. रुखमाबाईचं मन मानत नव्हतं, पण लेकीकडं पाहून तिनं बांगड्या फोडून घेतल्या. प्रेमिलाचं लग्न लागलं, आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली. ज्या लग्नापायी नवरा जाळला, त्या लग्नातलं काहीच तिच्या हाती उरलं नाही.

पुढं ती सोमाजीच्या पडवीत राहिली आणि मूलच्या बाजारात मासे विकत राहिली. शुभकार्यात मागं उभी राहायची. सकाळी कोणी कामाला निघालं की आपण होऊन आडोशाला सरकायची. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात, तसं झालं होतं तिचं.

आणि चौपन्न सालच्या थंडीत केवळरामचं पत्र आलं.

शाळेच्या मनसाराम मास्तरांनी ते वाचून दाखवलं. तिकडच्या कोणा पंडितानं हिंदीत लिहून दिलं होतं. साखरेच्या कारखान्यात माझा एक पाय गेला. बोटीत चढवत नाही, म्हणून येऊ शकत नाही. घर आहे, मागं केळी आहेत, माणूस नाही. लाजेपायी इतकी वर्षं लिहिलं नाही. रुखमा असेल तर तिला धाडा, तिकिटाचं मी पाहतो.

रुखमाबाईला आधी रागच आला. "पाय गेला तवा बायको याद आली," ती म्हणाली. "हात तं साबूत होते ना याचे? काऊन नाई लिवलं?" मग मास्तरांसमोरच तिनं पदर तोंडात कोंबला आणि हमसून हमसून रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "मले जायचं हाये." तिला त्याच्यासमोर उभं राहून एकदा मन भरेतो भांडायचं होतं, आणि भांडून झालं की त्याच्या चुलीवर भात टाकायचा होता. एवढ्यासाठी ती काळं पाणी ओलांडायला तयार झाली.

पत्रासोबत तिकडच्या सरकारच्या नियमांचा कागद होता. बाहेरच्या माणसाला त्या बेटावर उचलली पावलं नि उतरलं असं करता येत नसे. रहिवाशाच्या बायकोला प्रवेश मिळे. पण तिच्यापाशी पासपोर्ट हवा, देवीची लस टोचल्याचा दाखला हवा, तिचा सांभाळ करण्याची नवऱ्याची हमी हवी, आणि ती खरंच त्याची बायको आहे याचा पुरावा हवा. लग्नाची सरकारी नोंद नसेल तर लग्न कधी आणि कुठं लागलं हे गावच्या पंचांनी तहसीलदारापुढं लिहून द्यावं.

मूलच्या दवाखान्यात तिनं लस टोचून घेतली. दंड सुजून आला, आणि माता कोपेल म्हणून बायकांनी तिला शिव्या घातल्या. चांद्याच्या फोटोवाल्यानं पदर मागं घ्यायला लावला, कारण कान दिसायला हवे होते. जन्मात परपुरुषासमोर डोकं उघडं न केलेली ती बाई कॅमेऱ्याकडं अशी पाहत बसली, की फोटोत तिचा रागच तेवढा उठला. हे सगळं तिनं केलं. अडलं ते पंचांपाशी.

"केवळराम मेला, रुखमाबाई," गुणवंतराव पाटील म्हणाले. गावात त्यांचा शब्द शेवटचा. "मेल्या माणसाची बायको हाये म्हणून मी सरकारले कसं लिवून देऊ?"

"त्याचं पत्र आलं ना, पाटील! मेला माणूस पत्र लिवते का?"

"ते त्याचं तो जाणे. आमी त्याची तेरवी जेवलो."

"अन् मी टक्कल केलं होतं, वयनी," सोमाजी म्हणाला. "ते काय खोटं होतं?"

भाऊ जिवंत निघाला याचा आनंद एकाच्याही तोंडावर नव्हता. पचलेलं जेवण खोटं ठरतंय, याचीच सगळ्यांना चिंता.

चार दिवसांनी गुणवंतराव मूलच्या भटजींना विचारून आले आणि शास्त्रात तोड आहे म्हणाले. पुतळा जाळलेला माणूस परत आला तर त्याला नव्यानं जन्माला घालायचं, त्याचं बारसं करायचं आणि त्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. मग तो जातीत जिवंत.

"पण तो इथी नाई," रुखमाबाई म्हणाली.

"त्याच्या जागी जाळं ठेवू. ढिवराचं दुसरं रूप कोणतं हाये?"

मग वैशाखात तो सोहळा झाला. सोमाजीच्या घरचं फेकजाळं तुपात बुडवून काढलं, पाळण्यात घातलं, आणि कान कुठं आहे याचा वाद घालून शेवटी कडेच्या एका शिशाच्या गोळीजवळ 'केवळराम' असं नाव सांगितलं. दुपारी त्याच जाळ्याला फेटा बांधला, बाशिंग लावलं. छप्पन वर्षांची रुखमाबाई पिवळं लुगडं नेसून त्याच्यासमोर उभी राहिली. अंतरपाटामागून तुपाचा आणि मासळीचा वास येत होता. पोरीबाळी तोंडाला पदर लावून हसत होत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी कपाळी कुंकू लागलं तेव्हा आतून कुठं तरी बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच तिला जास्त लाज वाटली. तिच्या दोन्ही शेळ्या विकून जात पुन्हा एकदा जेवली.

दुसऱ्या दिवशी निवेदन लिहायला मास्तर बसले. ते म्हणाले, "पाटील, कागदावर जुनंच लग्न लिवा. हे नवं लिवलं तं तिकडं घोटाळा होईन."

"तुमी शिकलेले, अन् आमाले लबाडी शिकवून राह्यले?" गुणवंतराव कडाडले. "जुनं लग्न जळलं. खरं तेच लिवा. औंदाच्या वैशाखात लागलं म्हणून."

मास्तरांची खोली पाटलाच्या आवारात होती. त्यांनी लिहिलं. पंचांनी तहसीलदारापुढं अंगठे उमटवले, शपथ घेतली. त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण पाप नसलेल्या माणसानं जेवढी घरं बुडवली, तेवढी पाप्यांनीही बुडवली नसतील.

चौकशीला पोलीस आला तेव्हा साऱ्या गावानं एका तोंडानं सांगितलं, ही केवळरामचीच बायको. नागपूरहून पासपोर्ट आला. रुखमाबाईनं सारे कागद चिनीदादला धाडले आणि मूलच्या बाजारातल्या बायकांना सांगून टाकलं, की दिवाळीनंतर मी दिसणार नाही.

दिवाळीनंतर उत्तर आलं. केवळराम पंधरा सालापासून बेटाबाहेर गेलेला नाही. मग गेल्या वैशाखात त्यानं हिंदुस्थानात लग्न कसं लावलं? कागद बनावट दिसतात, सबब परवाना नाही. त्याआधीचं काही लग्न असेल तर त्याचं निवेदन तीन महिन्यांत यावं.

मास्तरांनी वाचून संपवलं तेव्हा रुखमाबाईच्या जिवात जीव आला. दार पुरतं लागलं नव्हतं. ती तशीच पाटलाकडं गेली. सोमाजीही तिथंच होता.

"आता दुसरा कागद देला तं दोन लग्नं, दोन तारखा," गुणवंतराव म्हणाले. "तहसीलदार आमालेच आत टाकन. त्याच्यापुढं शपथ घेतली हाये."

"चार लोकात काय तोंड दाखवू मी?" सोमाजी पुटपुटला.

तिचा तोल सुटला. "तुमच्या सांगण्यावरून तो मेला. तुमच्या सांगण्यावरून जलमला. आता जगू द्या ना त्याले! एका अंगठ्याचं काम हाये, भाऊजी. तुमचा सख्खा भाऊ हाये तो."

सोमाजीनं पाटलाकडं पाहिलं.

"तुले आमी सवाष्ण केलं, बाई," गुणवंतराव म्हणाले. "आणखी काय पाह्यजे?"

ती रोज जायची. पाटलाच्या ओट्यापाशी उभी राहायची, सोमाजीच्या बायकोच्या पाया पडायची. पालथ्या घड्यावर पाणी. मुदत टळली.

उन्हाळ्यात केवळरामचं पत्र आलं. पाय चिघळला आहे. उठवत नाही. तू पुराव्यानिशी येशील म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहिली. शेजारी सुखिया नावाची एक विधवा आहे, ती मला पाणी देते, मलम लावते. लोक बोलतात म्हणून इथल्या ऑफिसात आमचं लग्न नोंदवलं. तुझ्या गावानं मला एकदा मेला म्हटलंच होतं. तूही आता तसंच समज.

मास्तरांनी कागद घडी करून ठेवला. मग त्यांनी हळूच विचारलं, "काय लिवू, रुखमाबाई?"

"काई नाई," ती म्हणाली. तिच्या कपाळावर कुंकू होतं, आणि नवरा हयात असताना ते पुसायलाही आता जात परवानगी देणार नव्हती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "लिवा. त्याले कढत भात सोसत नाई, तोंड येते. निवला का वाढत जाय म्हनाव तिले."

मास्तर लिहू लागले. ओळ पुरी झाली तोच ती ओरडली, "खोडा ते! मले जाळं देल्लं तुमी लोकायनं, तिले माणूस भेटला. तिचं तिनं पाहावं!"

मास्तरांनी मान खाली घालून टाक दौतीत बुडवला. खोडायला हात टेकवला, तसा तिनं तो मनगटाशी धरला.

"राहू द्या, मास्तर," ती म्हणाली. "पाय तं गेलाच हाये त्याचा. तोंड काऊन भाजावं?"