लोखंडाचं श्रेय

शास्त्रज्ञ माणसं पूजाअर्चेच्या भानगडीत पडत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी खंडेनवमीला भोसरीपासून चाकणपर्यंत एक चक्कर मारून यावी. लेथला झेंडूचा हार, क्रेनला हार, कॉम्प्युटरच्या कपाळावर कुंकवाचं बोट. मग ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी डॉ. विजयश्री तरी वेगळी कशी असेल? दर खंडेनवमीला ती लॅबचं दार लोटून घ्यायची आणि एका मॅग्नेटला हळदीकुंकू वाहायची.

मॅग्नेट म्हणजे बोटाच्या पेराएवढी चुंबकाची कांडी, वर टेफ्लॉनचं पांढरं आवरण. भांड्याच्या तळाशी टाकून खालचं यंत्र सुरू केलं, की ती गरगर फिरून आतलं मिश्रण ढवळत राहते. कुठल्याही लॅबमध्ये अशा कांड्या पसाभर निघतील. पण ही एक कांडी विजयश्रीने पीएचडी संपली त्या दिवशी आठवण म्हणून चक्क खिशात घालून आणली होती. वापरून वापरून तिचं आवरण राखाडी झालं होतं. तिच्यावर केलेला प्रयोग फसत नाही असा विजयश्रीचा अनुभव होता. ते मॅग्नेट ती स्वतःच्या हाताने धुवायची. लॅबची भांडी घासणाऱ्या गोजाबाईंनासुद्धा त्याला हात लावायची मनाई होती.

आणि अनुभव खोटा नव्हता. कर्करोगाची गाठ स्कॅनमध्ये उजळून दिसावी म्हणून रोग्याला जे औषध टोचतात, त्याचा रेणू जुळवायला पॅलेडियम लागतं. सोन्याच्या पंगतीत बसणारा महाग धातू. विजयश्रीने तेच काम साध्या लोखंडाच्या क्षाराकडून करून घेतलं होतं. लोखंड उत्प्रेरक! पेपर छापून आला, प्राचार्यांनी शाल दिली, आणि चाकणची एक कंपनी पुढच्या महिन्यात तिच्या पद्धतीने पाच किलो माल काढून बघणार होती.

पण शाल कपाटात गेली. लोखंडाने तिला खरं काही दिलं असेल तर ते सुमनताई.

सुमनताई तळेगावच्या एका संशोधन केंद्रात विजयश्रीने पाठवलेल्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरीन जोडायच्या. पेपरवर दोघींची नावं होती. वय साठीला टेकलेलं, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. अस्सल तळेगावकर, त्यामुळे जीव मोकळा झाला की बोलण्यात मावळी यायची. दर गुरुवारी साडेचारला विजयश्री त्यांना फोन करी. आधी दहा मिनिटं आकडे, मग तासभर बाकीचं जग. ताथवड्याहून तळेगाव असं कितीसं लांब? पण चार वर्षांत दोघी भेटल्या त्या दोनदाच, आणि तेही परिषदेत. भेटायला निमित्त लागतं. फोनला कामाचं निमित्त होतं.

विजयश्रीचे आईवडील गेलेले, भाऊ लातूरला आपल्या संसारात. वाकडच्या अकराव्या मजल्यावर तिच्याशी रोज बोलणारी एकच बाई, लिफ्टमधली, आणि तीही रेकॉर्ड केलेली. कॉलेजातली मुलं केमिस्ट्रीकडे पास होण्यापुरतंच बघत. तेव्हा आठवड्यात बोलण्याचा म्हणून तो एक तास. त्याच्यासाठी ती सोमवारपासून गोष्टी साठवायची, आणि एवढ्या सगळ्या ऐकून ताई कंटाळतील या भीतीने त्यातल्या निम्म्याच सांगायची.

दिवाळीनंतर ते मॅग्नेट हरवलं. ती मीटिंगला गेली असताना गोजाबाईंनी कामाच्या झपाट्यात एक भांडं बेसिनमध्ये उपडं केलं आणि आतली कांडी पाण्याबरोबर गेली. विजयश्री दोन दिवस गोजाबाईंशी धड बोलली नाही. मग नवीन मॅग्नेट घेऊन कामाला लागली.

प्रयोग चालेना. लोखंडाची बाटली बदलली, द्रावक पुन्हा कोरडा केला, नायट्रोजनचा सिलिंडर बदलला. तेरा वेळा केला, तेराही वेळा भोपळा. दोन गुरुवार ताईंनी विचारलं, "कसं चाललंय?" दोन्ही गुरुवारी ती म्हणाली, "ठीक."

तिसऱ्या आठवड्यात बेसिन तुंबलं, प्लंबरने पाइप उघडला, आणि गोजाबाई धावत आल्या. "मॅडम, ही घ्या तुमची गोळी! पायपात अडकली व्हती. चांगली घासून आणली, आता रागावू नका."

त्याच दुपारी प्रयोग चालला. पहिल्या फटक्यात. दुसरं कोणी असतं तर पेढे वाटले असते. विजयश्री मात्र हाडाची केमिस्ट; नुसतं मॅग्नेट बदलल्याने प्रयोग चालावा हे तिला पटेना. दुसऱ्या दिवशी तिने ते राखाडी मॅग्नेट घेतलं आणि भांड्यात लोखंड सोडून बाकी सगळं घातलं.

दोन तासांनी बघितलं. तसाच चालला होता. लोखंडाशिवाय.

तिच्या पीएचडीच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं पॅलेडियमच वापरलं जायचं. त्याचे कण त्या आवरणाच्या चरांत मुरले होते, साबणाला दाद न देणारे. चार वर्षं काम केलं ते त्यांनी, श्रेय घेतलं लोखंडाने. बरं, बिनलोखंडाचा प्रयोग तिने पूर्वी केला नव्हता असंही नाही. दहादा केला होता. पण तो साध्या मॅग्नेटवर. लाडकं मॅग्नेट खऱ्या प्रयोगासाठी राखून ठेवलेलं ना! स्वतःच्या मूर्खपणावर तिला आधी हसू आलं, आणि हसता हसता ती स्टुलावर बसून रडायला लागली.

पेपर मागे घ्यावा लागणार, चाकणला कळवावं लागणार, स्टाफरूममध्ये शोभा होणार. ते सगळं तिने बसल्या बसल्या गिळलं. गिळवेना तो गुरुवार. लोखंड गेलं की काम संपलं, काम संपलं की साडेचारला फोन कशाला करायचा? "सहज केला" म्हणायला ती ताईंची कोण लागत होती?

गुरुवारी तिने साडेचारला फोन लावला आणि नमस्कारसुद्धा न करता सगळं सांगून टाकलं. मॅग्नेट, पाइप, बिनलोखंडाचा प्रयोग.

"मला माहीत हाय, विजू," सुमनताई म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"लोखंडानं व्हत न्हाई ते. मार्चमध्ये मला माल कमी पडला, म्हणून मी इथंच करून पाहिलं. सहा वेळा केलं. एकदाबी चाललं न्हाई."

"मार्च? ताई, आठ महिने! दर गुरुवारी मी आकडे सांगत होते आणि तुम्ही 'छान, छान' म्हणत होतात!"

"म्हणत व्हते." ताईंचा आवाज बारीक झाला. "चाकणचं ठरलं तेव्हापासून मला झोप न्हाई. रोज म्हणायची, या गुरुवारी सांगीन. पण सांगितलं असतं तर काम तिथंच संपलं असतं. मग तू मला फोन कशाला केला असतास गं?"

विजयश्रीला संताप आला. आठ महिन्यांचे रविवार, सुट्ट्या, भाच्याचं बारसं, सगळं तिने त्या लोखंडावरून ओवाळून टाकलं होतं. चांगलं तोडून बोलायला तिने तोंड उघडलं, आणि तिला स्वतःचे दोन गुरुवारचे दोन "ठीक" आठवले. तीही खोटंच बोलली होती, आणि कारण अगदी हेच होतं.

"पेपर मागे घ्यायचं पत्र लिहायला हवं," शेवटी ती म्हणाली. "आजच. चाकणलाही."

"व्हय. दोघींच्या सह्या लागतील."

"मी मसुदा मेल करते. सही स्कॅन करून पाठवली तरी चालतं."

"ठाऊक हाय मला, चालतं ते," सुमनताई म्हणाल्या. "तरी तू ये."