टक्क्याच्या खुणेनंतर

पान तेविसावरचा 15 हा आकडा बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक रेघांचा होता. कृषी केंद्रात पुस्तिकेचं काम पाहणाऱ्या मंजुषाने पट्टी लावून पाहिली. बाविसाव्या पानावरचा 15 बरोबर सव्वाचार मिलिमीटर रुंद. तेविसावरचा जेमतेम पाव मिलिमीटरने जास्त, पण रेघा बारीक, टाइपरायटरवर उमटवल्यासारख्या. तिने पट्टी खाली ठेवली. हा फरक कशाने पडतो हे तिला माहीत होतं. गेली तीन वर्षं माहीत होतं.

समोरच्या खुर्चीत मारोतराव बसले होते. घाटंजीकडचे, बारा एकर कापूस, चार एकर तूर, आणि वाचायची भारी आवड. केंद्राची ‘कापूस पीक संरक्षण पुस्तिका’ दर जूनमध्ये निघाली की पहिली प्रत तेच न्यायचे आणि दिवाळीच्या आत चुका काढून पाठवायचे. आज मात्र ते चुका काढायला आले नव्हते. फवारणीची विषबाधा होऊन सरकारी दवाखान्यात पडलेल्या मजूर हिरासिंगला डबा देऊन तिथूनच पायी आले होते.

“चार दिस झाले म्याडम. दोन दिस तं डोये उघडत नव्हता. आता बोलते, पण हात थरथर करते. त्याची बायको जमनी तिथंच बसून हाय, घरी जा म्हटलं तं ऐकत नाई.”

“कोणाच्या शेतात फवारत होता?”

“माह्या नाई. माह्या भावाच्या. दोन दिस एकसारखा पंप पाठीवर. म्या भावाले म्हटलं, अबे काहून मारून राह्यला आत्ताच? तं त्यानं हे पुस्तक माह्याच तोंडापुढं धरलं. तूच आणून देल्लं, म्हने, तूच वाच.” मारोतरावांनी बोट ओळीवर टेकवलं. “वाचलं. बरोबरच होतं त्याचं.”

छापील मजकूर असा होता: ‘वीस झाडांवरून वीस हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहावीत. पहिली फवारणी सकाळी वारा नसताना करावी आणि 15 दिवसांनी दुसरी करावी.’

वाक्यं सरळ, सोपी. कुठे अडखळायला होत नव्हतं. बोंडं फोडून पाहा आणि फवारा. काय पाहायचं, किती सापडलं तर फवारायचं, नाही सापडलं तर काय, यातलं काही नव्हतं. मागच्या वर्षीच्या हंगामात जिल्ह्यात फवारणी करणाऱ्यांना जी विषबाधा झाली, त्यानंतर ही पुस्तिका मुळात एक जुनंच वाक्य अधिक कडक करण्यासाठी पुन्हा लिहिली होती. नेमकं तेच वाक्य पानावर नव्हतं.

“पयले हे असं नव्हतं,” मारोतराव म्हणाले. “मी पंधरा वर्सं वाचून राह्यलो. पयले ‘तरच’ म्हणून एक शब्द राहे. तो कुठी गेला?”

मंजुषाने संगणकावर मूळ फाईल उघडली. ही पुस्तिका साध्या मजकुरात लिहिली जायची. ना जाड अक्षर, ना रंग. काय मथळा, काय यादी, हे छोट्या छोट्या खुणांनी दाखवायचं. एक वाक्य, एक ओळ. वाक्याच्या मध्येच सूत्र किंवा नोंदतक्त्यातल्या रकान्याचं नाव आलं की त्याच्या दोन्ही बाजूंना तिरकी टिकली द्यायची, म्हणजे तेवढा तुकडा छापताना बारीक टाइपात उठून दिसतो. या खुणा वाचून टाइपसेटिंगच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम दीनानाथ सरांनी पंधरा वर्षांपूर्वी स्वतः लिहिला होता. त्यातून सुबक पानं निघायची. मुंबईपुण्याचे लोकसुद्धा विचारायचे, कुठे छापता म्हणून.

मूळ फाईलमध्ये वाक्य होतंच. ‘`%नुकसान > 10` असेल तरच फवारावे, एरवी पंप बाहेर काढूच नये.’

“हे पाहा,” तिने पडदा मारोतरावांकडे वळवला. “लिहिलेलं आहे.”

“हाय तं मंग छापलं काहून नाई?”

“ही टक्क्याची खूण आहे ना, तिचा टाइपसेटिंगच्या भाषेत अर्थ वेगळा होतो. तिथून पुढे ओळ संपेपर्यंत जे आहे ते लिहिणाऱ्याचं खाजगी टिपण, छापायचं नाही, असा. म्हणून तिच्या आधी एक तिरकी रेघ द्यावी लागते. मग ती छापते. साध्या मजकुरात आमचा प्रोग्राम ती रेघ आपोआप देतो. टिकल्यांच्या आत देत नाही.”

“कायले?”

“सरांचा नियम. टिकल्यांच्या आतल्या मजकुराला हात लावायचा नाही, लिहिला तसाच ठेवायचा.”

मारोतरावांनी पडद्याकडे आणि पुस्तिकेकडे दोनदा आळीपाळीने पाहिलं. “म्हणजे मशीन बिघडली नाई. तिनं बापा सांगतलं तसंच केलं, अन् आवाज बी केला नाई.”

“नाही केला.” टिकली संपल्याची खूणही त्याच ओळीत होती, तीही गेली. म्हणून बारीक टाइप पुढच्या ओळीत चालू राहिला. मराठी अक्षरं दोन्ही टाइपांत सारखीच दिसतात. फरक दिसला तो फक्त त्या 15 मध्ये.

तिने टेबलाच्या खणातली वही काढली नाही, पण ती तिथे आहे याची जाणीव हाताला झाली. वहीत अकरा नियम होते, तिच्याच अक्षरात. टिकल्यांच्या आत खालची रेघ लिहू नये. टिकल्यांच्या आत दोन आडव्या रेघा शेजारी लिहू नयेत, एक होऊन छापतात. नववा नियम: टिकल्यांच्या आत टक्का आल्यास आधीची तिरकी रेघ स्वतः हाताने द्यावी. एकेक नियम म्हणजे एकेक वर्षाची चूक, जी छापण्याआधी तिला सापडली होती आणि जी तिने गुपचूप मूळ फाईलमध्ये दुरुस्त केली होती. सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा सांगायचं ठरवलं त्या वर्षी त्यांच्या पत्नी गेल्या. दुसऱ्यांदा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. एकदा सत्कार होता, त्यात प्रोग्रामचाच उल्लेख होता. मग सांगण्यापेक्षा एक तिरकी रेघ देणं सोपं वाटायला लागलं. तेवढंच तर करायचं असतं. या वर्षी तक्ते करता करता एका ठिकाणी द्यायची राहिली.

आणि तपासणीत ती कधीच सापडली नसती, कारण तपासणीची त्यांची रीतच तशी होती. मे महिन्यात दोघं तीन दुपारी बसायचे. ती पडद्यावरची मूळ फाईल मोठ्याने वाचायची, सर डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच बोट वर करून एखादा शब्द बदलायला सांगायचे. छापील पानांवर फक्त समास आणि पानांचे क्रमांक पाहायचे. मूळ चोख असेल तर छापील चोखच असणार, हे सर इतक्यांदा म्हणाले होते की तिलाही ते वाक्य स्वतःचंच वाटायला लागलं होतं. वाचताना हाताने दिलेल्या तिरक्या रेघांपाशी ती थांबायची नाही.

“मोठे सर येते का आज?” मारोतरावांनी विचारलं.

“येतील. अकराला येतात.”

“मंग बसतो. माही गाडी दोनची हाय. गावात जाऊन काय सांगू ते तं सांगा. सहाशे पुस्तकं वाटली म्हणता तुमी.”

सर अकरा वाजून दहा मिनिटांनी आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं. संख्याशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर विनावेतन येत होते आणि केंद्रात त्यांच्यापेक्षा वक्तशीर कोणी नव्हतं. मारोतरावांना पाहून ते हसले. “काय गावंडे, या वर्षी इतक्या लवकर? किती चुका?”

“एकच हाय सर. पण मोठी हाय.”

मंजुषाने सांगितलं. हिरासिंगचं आधी सांगितलं, मग पान तेवीस, मग टक्का. आवाज नेहमीसारखा ठेवायचा तिने प्रयत्न केला. सर उभेच होते. ऐकून झाल्यावर त्यांनी भिंग घेतलं, ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि मग हळूच खुर्चीत बसले.

“माणूस बरा आहे ना आता?”

“जित्ता हाय,” मारोतराव म्हणाले.

सरांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. “सोपं आहे. टिकल्यांच्या आतही टक्क्याला रेघ द्यायची. एक ओळ वाढवावी लागेल. माझाच हट्ट होता तो, हात लावायचा नाही म्हणून. शुद्धिपत्र काढू. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल.”

“पुढची आवृत्ती जूनमध्ये, सर.”

“शुद्धिपत्र आठवड्यात निघेल.”

त्यांची बोटं अजूनही सफाईने चालत होती. नजर मात्र पडद्याजवळ न्यावी लागत होती. पाच मिनिटांत नवी ओळ टाकून झाली. पानं पुन्हा तयार झाली. तेविसाव्या पानावर वाक्य आलं, बारीक टाइपात, टक्क्यासकट. 15 पुन्हा जाड झाला होता.

“झालं,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी सुटका होती की मंजुषाला वाटलं, आत्ता इथेच थांबावं. शुद्धिपत्र काढावं. वहीत बारावा नियम लिहावा. तिने तरीही पानं पुढे सरकवली. एकतीस. तिथे पंप धुण्याबद्दल एक ओळ होती, त्यातही टिकल्यांच्या आत टक्का होता, आणि तिथे तिने मे महिन्यात आठवणीने रेघ दिली होती.

पूर्ण ओळ नव्हती. वाक्य मधेच तुटून नवी ओळ सुरू झाली होती, आणि पुढचं गायब.

“हे कसं?” सर पुढे वाकले. “इथे तर प्रोग्रामने रेघ दिली असेल.”

“दोन झाल्या. एक प्रोग्रामने दिली, एक आधीपासून होती. दोन रेघा म्हणजे ‘नवी ओळ’. टक्का पुन्हा उघडा पडला.”

“आधीपासून कशी होती? कोणी दिली?”

खोलीतला पंखा हळू फिरत होता. बाहेर कुणीतरी सायकलला स्टँड लावला.

“मी,” मंजुषा म्हणाली. “तीन वर्षांपूर्वी लक्षात आलं होतं. तेव्हापासून मी हाताने देते. एकूण एकवीस ठिकाणी आहेत. आणखीही आहे, खालची रेघ, दुहेरी आडवी रेघ. सगळं मी फाईलमध्येच सांभाळून घेते.”

“आणि मला वाचून दाखवायचीस तेव्हा?”

“वाचायची नाही.”

सरांनी चष्मा काढला. शस्त्रक्रियेत डोळ्यांत बसवलेल्या भिंगांवर खिडकीतला उजेड पडला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त हिशेब लावत असल्यासारखे बसले. “म्हणजे मी तीन वर्षं जे तपासत होतो,” ते म्हणाले, “ते छापायला जायचंच नाही.”

“सर, मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल.”

“वाटलं असतं.” चष्मा पुन्हा लावत ते म्हणाले, “तेवढंच झालं असतं.”

मारोतराव खुर्चीत चुळबुळले. भांडण होईल असं त्यांना वाटलं होतं आणि ते झालं नाही म्हणून त्यांना उलट अवघडल्यासारखं झालं होतं. “तुमी लोकं लय समजदार हा,” ते म्हणाले. “एकमेकाले वाईट वाटू नाई म्हणून जपून राह्यले, अन् हिरासिंग दवाखान्यात. आमच्यात बरं, आमी तिथंच शिव्या देऊन मोकये होतो.”

सरांनी मान हलवली, एखादं उत्तर बरोबर आल्यावर हलवावी तशी.

“मंजू, त्या एकवीस रेघा काढून टाक,” ते म्हणाले. “मग माझी ओळ चालेल. दोन तासांचं काम आहे. तू यादी कर, मी एकेक ठिकाण तपासतो. आपण आजच…”

त्यांनी भिंग पुन्हा हातात घेतलं होतं. तिला दिसत होतं की ते खरोखर बसतील, दोन तास काय, संध्याकाळपर्यंत बसतील, एकवीसच्या एकवीस ठिकाणं डोळ्याला भिंग लावून पाहतील. तिसाव्या किंवा चाळिसाव्या पानावर आणखी काही निघेल. तेही ते दुरुस्त करतील. ती चहा आणेल. पुढच्या मेमध्ये ती पुन्हा मोठ्याने वाचेल आणि ते डोळे मिटून ऐकतील. स्वतःच्या शरीरातला थकवा तिला एखाद्या वजनासारखा मोजता आला असता, इतका तो स्पष्ट होता.

“म्याडम,” मारोतराव उठले. दवाखान्यातल्या डब्याची पिशवी त्यांनी खांद्याला लावली. “गाडीआधी मले पुन्हा हिरासिंगकडे जा लागते. परवा आमच्याकडचे आणखी दहा जण पंप काढतीन. माह्या हातात हे पुस्तक हाय अन् ते मले विचारतीन. काय सांगू?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. शुद्धिपत्राचं सांग, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मंजुषाने टेबलावरची पुस्तिका उचलून मिटली.

“सांगा, पुस्तक बाजूला ठेवा, बोंडं फोडून पाहा, आणि वीस बोंडांत दोनाहून जास्त किडकी निघाली तरच फवारा,” ती म्हणाली. “सहाशेच्या सहाशे प्रती आम्ही परत मागवतोय, उद्यापासून, गावोगाव जाऊन. आणि सर, नवी पुस्तिका तुमच्या प्रोग्रामवर निघणार नाही.”