खोकल्याच्या दवाखान्यातलं बाकडं

मित्रांनो, भिवंडीच्या निजामपुऱ्यात एका जुन्या सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर लांब सागवानी बाकडं दिसतं ना, तेच मी. चांगदेव सुतारानं मला घडवलं, तेव्हा पहिलं महायुद्ध संपलं होतं आणि दुसरं सुरू व्हायचं होतं. क्षयाच्या रोग्यांसाठी हा दवाखाना तेव्हा नुकताच उघडला होता. लोक त्याला खोकल्याचा दवाखाना म्हणत.

त्या काळी या रोगावर औषधच नव्हतं. डॉक्टर छातीला नळी लावून बघत आणि सांगत, मोकळ्या हवेत झोपा, दूध प्या, विश्रांती घ्या. हातमागावर पोट असणाऱ्यानं विश्रांती कुठून आणायची? काळूराम नावाचा विणकर नेमानं यायचा. धाप लागायची, तरी शेजारच्याला गमती सांगायचा. एकदा त्याच्याऐवजी त्याची बायको गोदू आली. दवाखान्यानं थुंकायला दिलेला झाकणाचा डबा तिनं घासूनपुसून परत केला आणि थोडा वेळ माझ्यावर टेकली. असे कितीतरी गेले. मला वाटे, त्यापेक्षा शाळेतलं बाक झालो असतो तर बरं!

पुढे इंजेक्शनं आली, गोळ्या आल्या. माणसं बरी होऊ लागली आणि माझा जीव हलका झाला. लोकांच्या मनातली भीती मात्र गेली नाही.

गेल्या वर्षी सखी आली. दापोड्याच्या गोदामात ती खोकी भरायचं काम करायची. नवरा जान्या तिला घेऊन यायचा, पण फाटकापाशीच उभा राहायचा. घरी तिचं ताट वेगळं झालं होतं. धाकट्या लेकीला, स्नेहाला, आजीकडे पाड्यावर धाडलं होतं.

मग सखी यायचीच बंद झाली. आरोग्यसेविका भावनाताई घरी जाऊन तिला घेऊन आल्या. जान्याही मागोमाग आला. तोंडाला पदर लावून सखी माझ्या कडेला बसली. हळूच म्हणाली,

"ताई, लघवी लाल होते. रगत जातंय माझं. मी काय आता वाचत न्हाय, म्हून गोळ्या सोडल्या."

"अगं, ते रक्त नाही," भावनाताई तिच्याजवळ बसत म्हणाल्या. "त्या गोळीचाच रंग आहे तो. आम्ही तुला आधीच नीट सांगायला हवं होतं."

सखीनं पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली आणि मग ती रडली. फाटकापाशी जान्यानंही ऐकलं होतं. तो ओट्यावर आला. पोरीला लागण होईल का, एवढंच त्यानं विचारलं. भावनाताईंनी सांगितलं, पोरीला तपासून घेऊ, आणि सखीनं नेमानं गोळ्या घेतल्या की ती भीती लवकरच पुष्कळ कमी होते.

"ओटा मोकळ्या हवेत आहे, तिनं पदरही लावलाय. बसा तिच्याजवळ."

जान्या बसला. आधी थोडं अंतर ठेवून, मग सरकून.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सखीच्या गालांवर मांस चढू लागलं. शिमग्याच्या सुमारास शेवटची तपासणी झाली आणि ती बरी झाल्याचं भावनाताईंनी सांगितलं. त्या दिवशी जान्यानं स्नेहाला आणलं होतं. सखीनं तिला मांडीवर घेतलं.

"आई, आता माझ्यापाशी झोपशील?" पोरीनं विचारलं.

"हा, आजपासून," सखी म्हणाली.

मित्रांनो, माझी एक फळी खिळखिळी झाली आहे. कुणी खिळा ठोकला तर उपकार होतील. पण त्याआधी दुसरं काम करा. घरात, शेजारी कुणाचा खोकला हटत नसेल, तर त्याला तपासायला न्या. गोळ्या सुरू झाल्या की मध्येच सोडू देऊ नका. आणि त्याला दवाखान्यात आणाल, तेव्हा फाटकापाशी थांबू नका. आत या, त्याच्याजवळ बसा. मी बसायला पुरेसं लांब आहे.