उड्यांची झोळी

"आकडा बदलून द्या ना, मनिरामभाऊ. झोळीच काऊन नेता?"

पुष्पाबाई ओसरीवर सूप घेऊन बसली होती. तिच्या डोक्यावर, घराच्या आडव्या तुळईला, मयालीला, उघड्या आकड्यानं स्प्रिंग टांगलेली होती. स्प्रिंगेला दोर, दोराला लोखंडी कडं आणि कड्याखाली जाड कापडाची बैठक. त्या बैठकीच्या दोन भोकांतून पाय सोडून तिचा नातू लोंबत होता. पायाची बोटं जमिनीला टेकली की पोरगं वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई, आणि दर वेळी खिदळे. मनिरामची नजर मात्र वरच्या आकड्यावरून हलत नव्हती.

"आकड्यानं भागत नाई, बाई. डॉक्टरीनबाईनं सांगतलं, ही वस्तूच लेकराले बरी नाई."

सूप थांबलं. "तुमच्या नातीचं आइकलं मी. त्या दिवशी घास उतरला नाई माया घशाखाली. पन भाऊ, आमची मयाल सागवानी आहे. तुमची वारवी लागलेली असन."

"मयाल नाई तुटली."

"मंग?"

"आकडा निसटला."

"तेच तं सांगून राहिली मी. बंद करून द्या आकडा." ती उठून आत गेली आणि वरवंटा घेऊन आली. "हा घ्या. दोन ठोके हाना."

मनिरामनं वरवंटा ओसरीवर ठेवून दिला. मग त्यानं पिशवीतून पक्कड काढली. उघडा आकडा डोळ्यांसमोर ठेवून जाणं त्याला जमेना. त्यानं पोराला उचलून तिच्या कडेवर दिलं, स्टुलावर चढला, आकड्याचं तोंड दाबून दाबून मिटवलं आणि खाली उतरला.

"आता कसं," पुष्पाबाई दोर ओढून बघत म्हणाली, "हत्ती टांगला तरी चालन."

तिनं पोराला परत बैठकीत घातलं. मनिराम मोपेडला किक मारून निघाला. मागचं कॅरियर रिकामंच होतं.

सौंदडच्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मनिराम बिसेनचं वेल्डिंगचं दुकान. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, वखराच्या पासा, सगळंच तो करायचा. पण बायाबापड्यांत त्याचं नाव होतं ते झोळीच्या आकड्यासाठी. या भागात झोळीला दोन घरं असतात. सकाळ-संध्याकाळ ती मयालीला, आणि दिवसभर धानाच्या शेतात, बांधीच्या धुऱ्यावरच्या मोहाच्या नाहीतर पळसाच्या फांदीला. एका कडेवर लेकरू, डोक्यावर शिदोरी, अशा बाईला एका हातानं झोळी काढता आली पाहिजे, एका हातानं टांगता आली पाहिजे. म्हणून आकडा उघडा. मनिरामच्या बापानं उघडा केला, त्याच्या बापानंही उघडाच केला असेल. निजलेलं लेकरू खाली ओढत राहतं, दोर ताठ, आकडा ताठ, निसटणार कसा? रोवण्याच्या बाया म्हणतच की,

मोहाच्या फांदीले गं झोळी बांधली माऊलीनं,
माय रोवते चिखलात, बाळ राखलं सावलीनं.

दुर्गेश्वरी, त्याची लेक, पहिल्या बाळंतपणानंतर माहेरी आली ती पोरीला कुशीत आणि मोबाइल हातात घेऊन. एक दिवस दुकानात येऊन तिनं बापाला चित्र दाखवलं. कुठल्या तरी शहरातलं गोरंगोमटं पोर दाराच्या चौकटीला टांगलेलं, उड्या मारतंय, हसतंय.

"बाबा, आपल्या बिट्टीले असं करून द्या ना."

मनिरामनं चष्मा चढवला. स्प्रिंग कळली, कापड कळलं, कडं कळलं. आकडा बघण्याची त्याला गरजच वाटली नाही. आकडा तर रोजचा, हातातला. त्यानं आपला आकडा लावला.

निजलेल्या लेकराचा भार सारखा खाली असतो. उडी मारणाऱ्या लेकराचा भार वर गेल्यावर पापणी लवेपर्यंत नाहीसा होतो, आणि तेवढ्यात दोर सैल पडतो. इतकी वर्षं लोखंड वाकवणाऱ्या त्या हाताला एवढंच ठाऊक नव्हतं.

बिट्टी उडायला लागली तशी शेजारीपाजारी बघायला येऊ लागली. कोणी म्हणे पोरगी लवकर चालेल, कोणी म्हणे पाय घट्ट होतील. उन्हाळी धानाचे दिवस जवळ आले होते. इटियाडोह धरणाचं पाणी कालव्याला सुटणार, रोवणा लागणार, घराघरांतल्या बाया चिखलात उतरणार. मनिरामकडे मागण्या येऊ लागल्या. कोणी तरी नाव पाडलं, उड्यांची झोळी. बापानं लेकीच्या लेकीसाठी केलेली वस्तू कालव्याकाठच्या गावागावांत मयालींना जाऊन लोंबली.

आणि माघातल्या एका सकाळी, मनिरामची बायको रामबाई अंगणात वाल सोलत असताना आणि दुर्गेश्वरी केस विंचरत असताना, हसता हसता बिट्टी वर गेली आणि आकडा वरून सुटला. खाली दगडी उंबरा होता.

नागपूरच्या वाटेवरच गाडी परत फिरवावी लागली. नाल्याच्या काठी, लहान लेकरांना ठेवतात तिथं, मनिरामनं तिला आपल्या हातानं ठेवलं.

त्याला कोणी बोल लावला नाही. लावला असता तर निदान मान खाली घालायला जागा मिळाली असती. कोणी म्हणालं मयाल जुनी. कोणी म्हणालं नजर. एवढी हसरी पोरगी, तीट नको लावायला? जावई इंद्रकुमार आला, दोन दिवस भिंतीला टेकून बसला, जाताना सासऱ्याच्या पाया पडून गेला. त्या पाया पडण्यानं मनिराम आतून फाटला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीनबाईला त्यानं एकच विचारलं होतं, "आकडा बंद असता तं?"

"तं पडली नसती," ती म्हणाली. "पन चाचाजी, आकडा बंद असता तरी मी नकोच म्हटलं असतं. ज्या लेकराले बसता येत नाई, त्याले टांगू नाई. चवड्यावर उभं राहते ते, कमरेवर जोर येते. लवकर चालते हे खोटं आहे. रांगाचं असते तेव्हा हे लोंबून राहते. आन् त्याच्यात निजलं, तं मान छातीवर पडते. लहान लेकराची श्वासाची नळी केवढीशी असते? दुमडली की झालं. आवाज पन होत नाई."

ते त्यानं घरी येऊन दुर्गेश्वरीला सांगितलं. ती पाठमोरी निजली होती. तिची चोळी पुढून ओली व्हायची, रामबाई तिला घडीघडी बदलायला लावायची. त्या दिवसापासून ती एक शब्द बोलली नव्हती. बापाचं सांगून झाल्यावर मात्र भिंतीकडे तोंड ठेवूनच तिनं विचारलं,

"बाबा, अजून कोनाकोनाच्या घरी आहे?"

मनिराम मनाशी गावं मोजू लागला.

"समद्या आना," ती म्हणाली.

तेव्हापासून दुकानाचं शटर खाली होतं आणि मोपेड वाटेवर होती. रोज दिवस कलता ती मोपेडचा आवाज ऐकून दारात यायची आणि कॅरियरकडे बघायची.

आणायच्या कशा? एका म्हाताऱ्यानं तेवढी हसत हसत दिली. "ने बापा. पोट्टं मावत नोहोतं त्याच्यात, भोपरा टांगून ठेवला होता." गावातला ओमेश्वर पानठेल्यावर चारचौघांत म्हणाला, "काय गा मनिराम, आता मोटर बसवून देतो का काय? म्हनून वापस नेऊन राहिला?" माणसं हसली. मग कोणाला तरी नाल्याकाठचं आठवलं आणि सगळे एकदम पानाला चुना लावण्यात गढून गेले. चंदा नावाची सून दार अडवून उभी राहिली. "आमच्याकडं नाई जी. कवाच फेकली." आतल्या खोलीतून स्प्रिंगेची करकर येत होती. दोघंही ती ऐकत उभे राहिले. शेवटी मनिरामच वळला.

बाजाराच्या दिवशी तर त्यानं गोंदियाहून आलेल्या टेम्पोत पाहिलं, प्लास्टिकच्या, रंगीत, बटण दाबलं की गाणं वाजणाऱ्या उड्यांच्या खुर्च्या. बाया त्या हातानं दाबून दाबून बघत होत्या. मनिराम तिथं बराच वेळ उभा होता. मग तो पुढच्या गावाला निघाला.

पुढचं घर रुख्माचं. नवरा हैदराबादला बिल्डिंगच्या कामावर, घरात ती, पाच महिन्यांचं पोरगं आणि डोळ्यांनी गेलेली सासू. दार सताड उघडं होतं.

"कोन आहे गा?" खाटेवरून म्हातारीनं विचारलं.

"मी सौंदडचा मनिराम. वेल्डिंगवाला."

"बस बापा. हळू बोल, पोट्टं निजलं आहे."

मयालीखाली पोरगं लोंबत होतं. स्प्रिंग निश्चल. हनुवटी छातीत रुतलेली, अंग पोत्यासारखं घडी पडलेलं, अंगठे जमिनीला जेमतेम टेकलेले. मनिराम आत धावला. त्यानं पोराच्या नाकाशी तळहात धरला. काही लागेना. मग लागलं. घुर्र घुर्र करत, अडखळत, कोंड्याच्या चाळणीतून यावं तसं काही तरी येत होतं.

त्यानं दोन्ही हातांनी पोराला वर काढलं. मान मागं गेली, तोंड उघडलं, आणि पोरानं एवढा मोठा श्वास घेतला की त्याच्या छातीचा भाता मनिरामच्या हाताला कळला.

"काऊन उठवलं गा?" म्हातारी वैतागली. "आता रडन. माया हातात जोर नाई घेऊन फिरवाले."

"मी नेतो त्याले मायकडं."

बांधी गावाबाहेर लगेच होती. गुडघाभर चिखलात बायांची रांग वाकली होती. प्रत्येकीची पात, तिच्या वाट्याची पट्टी, ठरलेली. एक मागं पडली की अख्ख्या रांगेत दात पडल्यासारखी फट दिसते, आणि तशा बाईला दुसऱ्या दिवशी टोळीत कोणी घेत नाही. पोराला मनिरामच्या हातात बघून रुख्मा हातातल्या रोपांसकट धुऱ्यापर्यंत धावली.

"काय झालं? पडला का?"

"नाई. निजला होता त्या झोळीत. मान पडली होती."

"निजतेच तो तथी."

"बाई, तसं निजू देऊ नको. श्वास कोंडते." डॉक्टरीनबाईचं सगळं त्यानं सांगितलं. बिट्टीचंही सांगितलं. ते सांगताना तो पोराच्या टाळूकडे बघत होता.

रुख्मानं सगळं ऐकून घेतलं. चिखलाचे हात तिनं अंगापासून लांब धरले होते.

"मंग घेऊन जा झोळी, काकाजी. मी नाई म्हनत नाई. पन उद्या याले कुठी ठेवू, तेवढं सांगून जा. अंगनवाडीत एवढ्या लहान्याले घेत नाई. बुडीले दिसत नाई. येथी आनलं असतं, तं धुऱ्यावरचं झाड मालकानं मागच्या साली तोडलं. झोळी टांगाची कायले?"

मनिरामनं इकडे तिकडे पाहिलं. लांबवर बांध्याच बांध्या, पाण्यात आभाळ पडलेलं. एक झाड नव्हतं.

"ओ रुख्मा," रांगेतून हाक आली, "पंचायत भरवली का व तथी? पात मागं पडून राहिली तुयी."

"जा," मनिराम म्हणाला. "मी बसतो."

तो धुऱ्यावर बसला. डोक्यावरचा दुपट्टा काढून त्यानं पोरावर सावली धरली. पोराला सावली नको होती. त्यानं मनिरामच्या मांडीवर चवडे रोवले आणि वर उसळी मारली. खाली आलं, पुन्हा मारली. मनिरामनं त्याच्या काखेत हात घट्ट धरले. पोरगं उड्या मारत होतं, बोळकं पसरून त्याच्या तोंडाकडे बघत हसत होतं, आणि आपण हसावं की काय करावं हे त्या माणसाला कळत नव्हतं. मग पोरानं त्याचा शर्ट ओला केला, जरा कुरकुर केली आणि त्याच्या छातीवर आडवं होऊन, लाळ गाळत, मान मोकळी ठेवून निजलं. बायांची रांग मागं मागं सरकत गेली, हिरवं पुढं पुढं येत गेलं. मांडी बधिर झाली तरी मनिराम हलला नाही.

दिवस मावळता मावळता तो रुख्मासोबत घरी गेला. झोळी काढायला हात वर केला आणि तसाच राहिला. शेवटी पक्कड काढून त्यानं आकडा मिटवला. म्हातारीच्या खाटेजवळ बसून तो म्हणाला, "माय, निजला की काढून खाली घोंगडीवर ठेवत जा. उताना."

"निजला हे मले कसं कळन, बापा?"

मनिरामनं बोटानं स्प्रिंग हलवली, ती करकरली. "स्प्रिंगेचा आवाज थांबला की."

"बरं," म्हातारी म्हणाली. "आइकत बसीन."

रुख्मा दारापर्यंत आली. "उद्या..." ती म्हणाली, आणि पुढचं तिनं स्वतःच गिळलं. "सांभाळून जा, काकाजी."

घरी दिवा लागला होता. दुर्गेश्वरी दारात आली, तिनं कॅरियरकडे पाहिलं. मनिरामनं मोपेड स्टँडला लावली, अंगणात शर्ट काढला.

"आन," ती म्हणाली.

"राहू दे. घान आहे. लेकरानं..." तो थांबला.

तिनं हात पुढं केलेलाच होता. शर्ट घेऊन ती नळाकडे गेली. आतून रामबाईनं सांगितलं, "भिजू घाल व, डाग पडन." नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बादली भरली, भरून वाहू लागली, पाण्याची धार अंगण ओलांडून रस्त्याकडे निघाली. मनिराम नळ बंद करायला उठला आणि अर्ध्या वाटेवर थांबला. ती अंधारात भिंतीला टेकून बसली होती. शर्ट तिनं पाण्यात घातला नव्हता. दोन्ही हातांनी तोंडाशी धरला होता.