नवव्या डॅनची जागा

तायक्वांदोत काळा पट्टा मिळाला की माणूस पोहोचला, असं ज्यांना तो मिळालेला नाही त्यांना वाटतं. खरी चढण तिथून पुढे सुरू होते. पहिला डॅन, दुसरा डॅन असं करत नवव्यापर्यंत जायचं, आणि वर जावं तसं प्रत्येक पायरीवर जास्त वर्षं थांबायचं. आठव्यावरून नवव्यावर जाईपर्यंत बालवाडीतल्या पोराला मिसरूड फुटतं. त्याच्याही वर दहावा असतो, पण तो मानाचा, आणि बहुधा माणूस गेल्यावर देतात. त्यामुळे त्याची घाई सहसा कोणी करत नाही.

आमच्या या मास्तरांनी मात्र चौथ्यावरून नववा एका दुपारी गाठला होता. मध्ये चहासुद्धा झाला.

त्याचं असं झालं. एका स्पर्धेत मास्तर, विमेवाला आणि छापखानेवाला या तिघांना पहिल्या रांगेत खुर्च्या मिळाल्या नाहीत. तिघंही चौथ्या डॅनचे आणि तिघंही मानी. तिघांनी जुन्या संघटनेला तिथल्या तिथे रामराम ठोकला आणि टायरच्या दुकानावरच्या मास्तरांच्या हॉलमध्ये बसून एक महासंघ काढला. नावात ‘विश्व’ घालायचं यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. विश्वाच्या अध्यक्षाला चौथा डॅन शोभेना, आणि वरच्यानंच खालच्याला बढती द्यायची हा तर नियम.

“सोपं आहे,” विमेवाला म्हणाला. लोकांना नको त्या गोष्टी पटवण्यात त्याची हयात गेली होती. “मास्तर, अध्यक्ष म्हणून तुम्ही मला पाचवा द्या. पाचवा झालो की मी उपाध्यक्ष म्हणून तुम्हाला सहावा देतो.”

“अहो, पण पाचव्यानं सहावा कसा द्यायचा?”

“डॅन माणूस देत नाही, मास्तर. पद देतं.”

मग भिंतीपलीकडच्या कैऱ्या काढायला पोरं जशी एकमेकांच्या खांद्यावर चढतात तसे तिघं चढत गेले. संध्याकाळी मास्तर नवव्यावर होते आणि बाकीचे दोघं नम्रपणे आठव्यावर थांबले होते. छापखानेवाल्यानं प्रमाणपत्रं जाड कागदावर काढली. हॉलच्या दारावर ‘ग्रँडमास्टर’ असा बोर्ड लागला. पट्ट्याच्या टोकाला डॅनच्या सोनेरी रेघा शिवायचं काम घरी बायकोकडे आलं.

“एवढ्या एकदम?” तिनं सुईत दोरा ओवत विचारलं. “एकावर एक फुकट होत्या का?”

मास्तर हसले नाहीत. तेव्हापासून पट्टा बांधताना त्यांना पोटात काहीतरी टोचायचं. पट्टा बांधताना सगळ्यांकडे पाठ फिरवायची, अशी या विद्येत रीत आहे. मास्तरांना ती रीत अलीकडे फार सोयीची वाटू लागली होती.

तरी दिवस बरे चालले होते. टोचणीचीही माणसाला सवय होते. पण मास्तरांची लेक, जी स्वतः दुसऱ्या डॅनची होती आणि वर्गातली पोरं जिला ताई म्हणत, ती एका सकाळी फुललेल्या चेहऱ्यानं समोर उभी राहिली.

“बाबा, रविवारच्या परीक्षेला पाहुणे कोण, ओळखा.”

“नगरसेवक?”

“छे! सर! तुमचे सर. मी शोधून काढलं त्यांना.”

मास्तरांच्या हातातला पेला टेबलावर जरा जोरात टेकला. सरांनी त्यांना एका शाळेच्या सायकल स्टँडमध्ये, सायकली बाजूला सारून शिकवलं होतं. सर सहाव्या डॅनचे. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, सर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेले आणि वरच्या परीक्षांच्या वाटेला पुन्हा गेलेच नाहीत. मास्तरही त्यांच्या वाटेला गेले नाहीत. आधी सवडीअभावी, आणि त्या दुपारनंतर मुद्दाम.

“मी त्यांना सांगितलं, तुमचा विद्यार्थी नववा झाला,” लेक म्हणाली. “बाबा, ते फोनवर रडले हो.”

रविवारपर्यंत मास्तरांनी आजारी पडायचा मनापासून प्रयत्न केला. ताप आला नाही. शरीर इतकी वर्षं कमावून ठेवलं की ते ऐन वेळी असा दगा देतं.

रविवारी पालक बाकांवर फोन सरसावून बसले होते. सर एकेक पायरी चढत वर आले. अंगावर घरूनच घातलेला गणवेश, वर स्वेटर, आणि कमरेला सहा रेघांचा पट्टा. मास्तर धावत जिन्याच्या तोंडाशी गेले आणि वाकणार, तोच सरांनी त्यांचे दोन्ही खांदे धरले.

“थांब. आता आधी मी वाकायचं.”

“सर, असं काय करता? तुम्ही—”

“नववा आहेस तू! माझ्या हाताखालून गेलेलं पोर नववा!” सरांचे डोळे भरून आले होते. “अरे, मला आठव्याच्या पुढचा माणूस जवळून बघायलासुद्धा मिळाला नव्हता.”

हीच वेळ होती. आत्ताच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण पालक बघत होते, आणि बरोबर डोक्यावर तो बोर्ड होता. मास्तर म्हणाले, “जिना जरा उंच आहे, सर. सावकाश.” आणि मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

परीक्षेआधी रांग लागते. ग्रँडमास्टर समोर, आणि त्यांच्याकडे तोंड करून बाकीचे सगळे डॅनच्या उतरत्या क्रमानं. इथे वय बघत नाहीत, नातं बघत नाहीत. मास्तरांनी सरांसाठी बाजूला गादीची खुर्ची मांडून ठेवली होती. सरांनी तिच्यावर स्वेटर ठेवला आणि स्वतः रांगेत शिरले.

“आपण कितवे?” त्यांनी विमेवाल्याला आदरानं विचारलं.

विमेवाल्याचा पाय गेल्या पाच वर्षांत गुडघ्याच्या वर गेलेला नव्हता. “आठवा,” तो म्हणाला.

“वा!” सर एक जागा खाली सरकले. “आणि आपण?”

“आठवाच,” छापखानेवाला पुटपुटला.

“वा, वा!” सर आणखी खाली सरकले. पुढे छापखानेवाल्याचा भाऊ होता, सातवा. महासंघात त्याची जीप कामाला यायची. सर त्याच्याही खाली गेले. त्यानंतर विमेवाल्याचा मेहुणा.

“सहावा,” मेहुणा म्हणाला.

“मीही सहावा. तुम्हाला कधी मिळाला?”

“गेल्या महिन्यात.”

“मग एक पाऊल तिकडे व्हा बाळ,” सर प्रेमानं म्हणाले आणि आपल्या जागी ताठ उभे राहिले.

मास्तर समोरून हे सगळं बघत होते. आपण रचलेल्या उतरंडीत हा माणूस एकेक मडकं मोजत, मनापासून कौतुक करत खाली उतरतोय, आणि आता आपल्यासमोर वाकणार आहे. त्यांच्या कानांतून वाफा निघू लागल्या. धरणी दुभंगली तर बरं, असं वाटलं. पण खाली टायरचं दुकान होतं.

“सर, तुम्ही इकडे या. माझ्या शेजारी,” ते कसेबसे म्हणाले.

“रांग मोडायची नाही,” सर म्हणाले. “मीच शिकवलंय ना तुला?”

मग मास्तर स्वतःच निघाले. काही न बोलता रांगेच्या कडेनं चालत मेहुण्याच्याही खाली गेले आणि लेकीच्या वरच्या अंगाला उभे राहिले. चौथ्याची जागा हीच होती. त्यांना वाटलं, एवढ्यावर लोकांना समजेल. तोंड उघडावं लागणार नाही.

“बाबा, काय करताय?” लेक कुजबुजली.

“माझ्या जागी उभा राहतोय.”

बाकांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला. एक आई शेजारणीला म्हणाली, “बघा, नववा डॅन! आणि किती साधेपणा! नाहीतर आमचे हे.” दोघांनी व्हिडिओ काढला. सरांनी मान वळवून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघून मास्तरांना आपण नुसते भित्रे नसून कलावंत आहोत, असं वाटलं. कबुली द्यायला गेले आणि मोठेपणा घेऊन आले.

आता समोरची जागा मात्र रिकामी होती, आणि रिकामं पद विमेवाल्याला बघवत नसे. “बरं, आजचा मान मग मीच...” असं म्हणत तो पुढे जाऊन उभा राहिला.

लेकीनं गोंधळून वडलांकडे पाहिलं. पण रांगेला आदेश देणं तिचं काम होतं. “सावधान! वंदन!”

सर वाकले. गुडघा साथ देईना म्हणून एका हातानं मांडी धरली, पण अर्ध्यात थांबले नाहीत. पाठ सपाट होईपर्यंत वाकले. समोर विमेवाल्यानं दावा मंजूर केल्यासारखी मान हलवली.

“थांबा,” मास्तर ओरडले.

सगळे थांबले. काही वाकलेले, काही उभे.

“मी नववा नाही. मी चौथा आहे. हेही दोघे चौथेच. बाकीचे डॅन आम्ही याच हॉलमध्ये एका दुपारी एकमेकांना वाटले.”

“मास्तरांना आज बरं नाहीये,” विमेवाला पालकांना म्हणाला.

“मी ठणठणीत आहे. या रेघा माझ्या बायकोनं शिवल्यात. तिला बिचारीला यातलं काही माहीत नव्हतं.”

“माहीत होतं हो मला,” बायको बाकावरून म्हणाली. दूध उतू जातंय म्हणून सांगावं तसं.

छापखानेवाला स्वतःची नखं बघू लागला. लेकीनं वडलांकडे पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली, सावधानमध्ये. मास्तरांनी आयुष्यात पुष्कळ लाथा खाल्ल्या होत्या, पण हे त्यांना जास्त लागलं.

सर हळूहळू सरळ झाले.

“चौथा तरी खरा आहे ना?”

“खरा आहे, सर. तुम्हीच बसवलं होतं परीक्षेला.”

“हं.” सरांनी मांडीवरचा हात काढला. मग अगदी हळू म्हणाले, “पण मी सगळ्यांना सांगितलं रे. न्हाव्याला सांगितलं. तो कात्री ठेवून उठला आणि त्यानं माझ्याशी हात मिळवला. औषधांच्या दुकानात सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंना तर जिन्यात थांबवून सांगितलं.”

ते रागावले असते तर मास्तरांना सोपं गेलं असतं. पण सरांचे कान लाल झाले होते, आणि ते पालकांची नजर चुकवत होते. लाज ही आपल्या एकट्याची मालमत्ता आहे, अशी मास्तरांची आतापर्यंत समजूत होती. ती आता दुसऱ्याच्या चेहऱ्यावर, काही कारण नसताना, आपल्यामुळे जाऊन बसलेली त्यांनी पाहिली.

परीक्षा झाली, कारण पोरांनी तयारी केली होती आणि पोरांचा काही दोष नव्हता. सरांनी स्वेटर उचलून बाजूला ठेवला आणि खुर्चीत बसून सगळ्यांना गुण दिले. आठव्या डॅनचे दोघंही मधल्या वेळात जीपमधून निघून गेले.

जाताना सर जिन्यात थांबले. “उद्या सकाळी माझ्याकडे ये. मी एकटा सांगणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सरांच्या गल्लीत न्हाव्याचं दुकान नुकतंच उघडलं होतं. आत एक गिऱ्हाईक गालांना फेस लावून बसलं होतं.

“अरे वा, सर! हेच का ते नववे?” न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवून हात पुढे केला.

“सांग,” सर म्हणाले आणि कॅलेंडरकडे बघू लागले.

मास्तरांनी सांगितलं. दुकानात तिन्ही बाजूंना आरसे होते, त्यामुळे सांगणारा माणूस प्रत्येक दिशेनं दिसत होता. फेसवालं गिऱ्हाईक खुर्चीसकट वळलं. न्हाव्याचा पुढे केलेला हात तसाच राहिला; मग त्यानं तो रुमालाला पुसला.

“चालायचंच,” तो सरांकडे बघत चांगुलपणानं म्हणाला. “चौथा म्हणजे काही कमी नाही.”

मास्तर मान हलवणार होते.

“तो प्रश्न नाही,” सर म्हणाले. “चल. पुढे औषधांचं दुकान आहे.”

औषधांच्या दुकानात सकाळची गर्दी होती. सात-आठ माणसं, हातात चिठ्ठ्या.

“सर, नंतर येऊ या का? एवढ्या लोकांसमोर...”

“मी एवढ्याच लोकांसमोर सांगितलं होतं,” सर म्हणाले आणि गर्दीच्या मागे जाऊन उभे राहिले.

मास्तर त्यांच्या मागे उभे राहिले. एकेक माणूस औषध घेऊन बाहेर पडत होता, तसे त्यांच्यामागे नवे येऊन थांबत होते. गर्दी काही कमी होईना. शेवटी काउंटर आलं. औषधवाल्यानं सरांना ओळखून हसून मान लववली आणि मास्तरांकडे वळून विचारलं, “बोला, काय देऊ?”

मास्तरांनी घसा साफ केला.