ओढ्यापलीकडचं पिंप

मी एक पिंप बोलतोय. पाण्याचं नव्हे, सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या दारूचं. निदान जन्म तरी त्यासाठीच झाला. आता माझ्यात माणसं बसतात, तीही गळ्यापर्यंत गरम पाण्यात, आणि त्यासाठी लांबलांबून गाड्या काढून येतात. यात त्यांना काय मिळतं, हे कोडं मला पहिल्या दिवसापासून पडलेलं आहे.

माझ्या अंगाला ओकच्या बत्तीस फळ्या आणि चार लोखंडी कड्या. प्रीस घराण्याच्या सफरचंदाच्या बागेत, दगडी कोठारात, आताचा मालक हेडन, त्याच्या आजोबांनी मला बांधून घेतलं. बाग इंग्लंडात. बागेच्या टोकाला ओढा, त्यावर एका माणसापुरता लाकडी पूल आणि पलीकडे वेल्स. किल्ला, बाजारचौक, घड्याळाचा मनोरा, सगळं गाव पलीकडेच. ओढा उडी मारून ओलांडता येतो, पण त्याच्यावरून एकमेकांना टोमणे मारायची एकही संधी इथली माणसं सोडत नाहीत.

हेडनचा माझ्यावर जीव. दर शरदात माझ्यात रस पडायचा, तो आंबायला लागला की मी आतल्या आत कुजबुजायचो आणि हा गडी माझ्या अंगाला कान लावून बसायचा. बायको केली नाही, त्यामुळे पोरंबाळंही नाहीत. जवळची म्हणावी अशी एक धाकटी बहीण, ओल्वेन. ती लग्न करून पुलापलीकडे गेली, म्हणजे हाकेच्या अंतरावर.

पुढे हेडनच्या कंबरेनं दगा दिला. तीन शरद कोरडे गेले. कोठाराचं छप्पर गळू लागलं, माझ्या फळ्या सुकून त्यांत फटी पडल्या. तिकडे ओल्वेनचा नवरा गेला आणि तिनं अंगणातली दोन जुनी दगडी घरं सुट्टीला येणाऱ्यांसाठी सजवायला घेतली. उशांचे अभ्रे स्वतः शिवले. पण फोन करणारा जो तो एकच विचारायचा, "हॉट टब आहे का?" किल्ला आठशे वर्षांचा आहे म्हणून सांगितलं, तरी "हो का, छान. पण हॉट टब?"

मग हेडन खुब्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात असताना तिनं ट्रॅक्टर मागवला आणि रस्त्याच्या पुलावरून वळसा घालून मला घेऊन गेली. छप्पर अंगावर कोसळण्यापेक्षा कुणाच्या कामी तरी येईल, असं ती ट्रॅक्टरवाल्याला दहा वेळा सांगत होती. एकच गोष्ट दहा वेळा सांगणाऱ्या माणसाला त्याचं मन खात असतं, एवढं मला कळतं.

तिनं मला आठवडाभर पाण्यात फुगवलं, फटी मिटवल्या, पोटाशी लाकडं जाळायची शेगडी बसवली आणि आत गोल बाक ठोकला. पहिल्याच शनिवारी माझ्यात चार बायका येऊन बसल्या. एकीचं लग्न ठरलं होतं, म्हणून चौघींच्या डोक्यावर पिसांच्या टोप्या. मी तर बावचळूनच गेलो.

पण सवय होते, आणि सवय झाली की कुतूहल जागं होतं. माझ्या असं ध्यानात आलं, की जी माणसं पावसाचा एक थेंब पडला तरी छत्री उघडतात, तीच माझ्यात बसल्यावर डोक्यावर धो धो पाऊस घेत हसतात. नवराबायको स्वयंपाकघरात ज्यावरून भांडतात, त्याच गोष्टीवर माझ्यात दहा मिनिटांत तडजोड होते. पाण्याखाली हातवारे करता येत नाहीत, म्हणून असेल.

हेडन कुबडी घेऊन घरी आला, तेव्हा कोठारात जमिनीवर माझ्या बुडाचा गोल डाग तेवढा राहिला होता. तो तसाच ओढ्यापर्यंत आला. माझ्यात बसलेल्या पाहुण्यांकडे बराच वेळ बघत राहिला.

"ओल्वेन, माझ्या पिंपात माणसं आंघोळ करतायत!"

"आंघोळ नाही रे, नुसती बसतात! ये ना, बघ तरी येऊन. चहा टाकते."

"येतो. आत्ता, मिनिटात."

आता हे "आत्ता, मिनिटात" समजून घ्यायला हवं. त्यांच्या आईची ही बोली, आणि ती अस्सल वेल्सची. 'आत्ता' म्हटलं की माणूस आत्ता येतो, 'मिनिटात' म्हटलं की मिनिटात येतो. दोन्ही एकदम म्हटलं, की समजावं, हा काही यायचा नाही. ज्याला सरळ 'नाही' म्हणवत नाही, तो हे म्हणतो. ओल्वेनला ते बरोबर कळलं. तिनं दोन कप मांडले होते, त्यातला एक तसाच उचलून आत नेला.

त्यानंतर दर रविवारी चारच्या ठोक्याला ती ओढ्याशी उभी राहून हाक मारायची, "हेडन, चहा!" आणि झाडांतून उत्तर यायचं, "येतो. आत्ता, मिनिटात." अशी पाच वर्षं गेली. तो एकोणऐंशीचा झाला, ती चौऱ्याहत्तरची. दोघांपैकी एकाला चौघांनी खांद्यावर न्यायच्या आत त्यानं एकदा पूल ओलांडावा, एवढंच तिला हवं होतं. लाकडं भरता भरता ती हे माझ्याशी बोलायची, कारण दुसऱ्या कुणाशी बोलायची तिला लाज वाटे. आणि मलाही तो यायला हवा होता. त्याच्या भांडणाचं कारण मीच होतो ना!

गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात नॉर्विचहून थर्टल नावाचे गृहस्थ आले. जन्मभर रेल्वेत वेळापत्रकं केलेला माणूस. पाण्यातसुद्धा मनगटावर घड्याळ. रविवारी चार वाजता ते माझ्यात निवांत पाय पसरून बसले होते. ओल्वेननं हाक मारली, पलीकडून नेहमीचं उत्तर आलं आणि ती किटली आणायला आत गेली.

थर्टलनी घड्याळ पाहिलं. म्हातारा कुबडीवर येणार, पुलाच्या फाटकाला तर कडक स्प्रिंग. भला माणूस टॉवेल गुंडाळून बाहेर पडला, पुलाच्या तोंडाशी गेला आणि फाटक उघडून धरून उभा राहिला. झिमझिम पाऊस सुरू होता.

बारा मिनिटांनी त्यांनी आवाज दिला, "अहो! तुम्ही मिनिट म्हणाला होतात!"

झाडामागून हेडनचं डोकं वर आलं. "तुम्ही कोण?"

"पाहुणा आहे. ओल्या चड्डीवर उभा आहे."

"मग आत जा की! सर्दी होईल."

"जाऊ कसा? फाटक धरलंय ना तुमच्यासाठी!"

झालं! सख्ख्या बहिणीला पाच वर्षं ताटकळत ठेवणं या देशात चालतं. पण अनोळखी माणसानं तुमच्यासाठी दार धरलंय आणि तुम्ही पाय उचलत नाही, याच्याइतका असभ्यपणा दुसरा नाही. हेडननं हातातली सफरचंदांची टोपली खाली ठेवली. "माफ करा हं, माफ करा, आलोच," असं पुटपुटत, कुबडी टेकत, तो जवळजवळ पळतच पुलावरून आला. थर्टलचे आभार मानून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण वेल्समध्ये उभे आहोत.

ओल्वेन ट्रे घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. ट्रेवर कप दोनच होते. थर्टलना काय वाटलं कोण जाणे, "माझा चहा मी आत घेतो," म्हणून ते निघून गेले.

हेडन माझ्याजवळ आला. शेगडी पाहिली, बाक पाहिला. 

"छप्पर मी नीट करणारच होतो," तो म्हणाला.

"कधी? आत्ता, मिनिटात?"

"तू विचारलं नाहीस, ओल्वेन."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"हो, म्हणालो असतो. तरी विचारायचं होतंस."

 डोळ्यांतलं पाणी तिनं ॲप्रनला पुसलं. मग म्हणाली, "चुकलं माझं. बूट काढ. कंबर राहू दे, पाय तरी सोड गरम पाण्यात."

"मोजे फाटकेत."

"मला काय नवीन आहे ते?"

त्या दिवशी मला हेही कळलं, की पाच वर्षांत ओल्वेननं माझ्यात बोटसुद्धा बुडवलं नव्हतं. हेडनच्या शेजारी काठावर बसून तिनं पाय सोडले, आणि "अगंबाई, हे तर फार छान आहे की!" म्हणाली.

आता माझं वय झालंय. गेल्या हिवाळ्यात सहा फळ्या गुडघ्याच्या उंचीवर कुजल्या. त्याखाली पाणी राहतं, वर नाही. पाहुण्यांसाठी ओल्वेननं प्लॅस्टिकचा नवा टब घेतला आहे, त्यात रंगीत दिवे लागतात. सुतार माझ्याभोवती फेरी मारून म्हणाला, "मधून कापलं तर दोन झकास कुंड्या होतील, बाई."  पिंपाला कोण विचारतो?

रविवारी हेडन आला, तेव्हा चहा ओतायच्याही आधी ओल्वेननं विषय काढला. "या पिंपाच्या दोन कुंड्या करायच्या म्हणते. करू का?"

हेडननं माझ्याकडे पाहिलं. "नाही."

ओल्वेननं तोंड उघडलं. जागा अडते, कुजकं लाकूड आहे, कुंड्या किती शोभतील, सगळं तिच्या ओठांवर येऊन उभं होतं. मग तिनं तोंड मिटलं.

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्या कपात साखर घातली.

तेव्हा तुम्ही कधी इकडे आलात, तर त्या रंगीत दिव्यांच्या टबात खुशाल बसा, किल्ला बघा, सायडर प्या. फक्त रविवारी चारनंतर माझ्याकडे येऊ नका. मला गुडघाभरच पाणी धरवतं, आणि आत चार पाय असतात.