डोक्यावरची खाच

“इतकी वर्षं झाली, तुमच्या मोज्यांतला भुसा काही संपत नाही,” मित्सुए दारातल्या दोरीपाशी मोजे झटकत पुटपुटली. पुटपुटणं असं, की आत बसलेल्या नवऱ्याला शब्दन् शब्द ऐकू जावा. “निवृत्त झालात ना, की या भुशाची एक उशीच शिवून देते.”

“दोन आठवडे कळ काढ,” कामिजो आतून म्हणाला.

एरवी तो याहून खमंग उत्तर देत असे. आज त्याच्यापुढे चहा निवत होता, नोझावानाच्या पाल्याचं लोणचं तसंच पडलं होतं आणि चष्मा चौदाव्या पानावर अडकला होता. गिटारच्या कारखान्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून धाकट्या मालकांनी इतिहास लिहायला घेतला होता. त्याची कच्ची छपाई काल घरी आली होती. चौदाव्या पानावर कामिजोचा फोटो होता आणि खाली मजकूर : ‘आमच्या गिटारच्या डोक्यावरची प्रसिद्ध खाच म्हणजे मात्सुमोतोच्या डोंगरांमधली खिंड. कारागीर कामिजो योशिनोबू यांनी ती आपल्या डोंगरांना वंदन म्हणून कोरली.’

मित्सुएनं खांद्यावरून वाकून वाचलं. “छान लिहिलंय की. फक्त तुम्ही कधी मान वर करून डोंगराकडे बघितल्याचं मला काही आठवत नाही.”

तो हसला नाही. अकरा वर्षं त्याच कारखान्यात बसून तिनं गिटारचा आवाज पकडणाऱ्या चुंबकांवर केसासारख्या बारीक तारेची वेटोळी गुंडाळली होती. तिला खाचेचं खरं ठाऊक होतं. तसं ते कारखान्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. जावयाचं पिणं जसं घरात सगळ्यांना ठाऊक असतं आणि जेवायला बसल्यावर कुणी तो विषय काढत नाही, तसं.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तोवर कारखान्यात रेडिओच्या लाकडी पेट्या बनत. एक दिवस थोरले मालक, म्हणजे धाकट्यांचे वडील, योकोसुकाच्या अमेरिकी तळाजवळच्या गहाणवटीच्या दुकानातून एक विजेवरची गिटार घेऊन आले. कामिजोच्या मांडीवर ती ठेवून म्हणाले, “अशी बनव. हुबेहूब.” कामिजोनं गिटार याआधी हातात धरली नव्हती. त्यानं चार दिवस तिचा सांधा न् सांधा सोडवला, मापं घेतली, कागदावर उतरवली, लाकडाचा फर्मा कापला. खुंट्या बसतात त्या डोक्याच्या वरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी एक गुळगुळीत खाच होती. ती कशासाठी, हे त्यानं विचारलं नाही. जाणत्या लोकांनी केलीय, म्हणजे कारण असणारच. तिची खोली तेवढी त्यानं तीनदा मोजली.

पुढे तीन वर्षांनी तो तोक्योला गेला, तेव्हा एका दुकानाच्या काचेआड तीच अमेरिकी गिटार दिसली. डोकं साफ. पलीकडे दुसरी होती. तिचंही साफ. मग त्याच्या ध्यानात आलं. कुणा खलाशाच्या हातून ती गिटार पडली असणार, कपची उडाली असणार आणि कुणीतरी घासून कड सारखी केली असणार. तोपर्यंत चार हजार गिटारी ती खाच घेऊन समुद्रापार गेल्या होत्या. परत येऊन त्यानं थोरल्या मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “चहा घे.” फर्मा तोच राहिला.

आता अमेरिकेतले शौकीन कारखान्याची जुनी गिटार त्या खाचेवरूनच ओळखत होते.

दुपारी तीनच्या चहाला धाकटे मालक लाल पेन्सिल घेऊन लाकूडकामाच्या शेडमध्ये आले. संध्याकाळी पानं छापखान्यात जायची होती.

“कामिजोसान, एक फोटो घालायचाय डोंगराचा. तुमच्या मनात नेमकी कोणती खिंड होती?”

“त्यांना खिंड दिसायला आधी चष्मा पुसावा लागेल,” रंगकामातला अकाहाने म्हणाला. पण कुणी साथ दिली नाही, तेव्हा त्यानंही कपात तोंड घातलं. सगळेच आपापल्या कपात बघायला लागले. अ‍ॅम्प्लिफायर जोडणाऱ्या किकुएबाईंनी लोणच्याची बशी उगाच पुढे सरकवली.

एखाद्या खिंडीचं नाव घेतलं असतं तर काम झालं असतं. कामिजोनं चौदावं पान पुन्हा बघितलं. त्यात ते चार दिवस नव्हते. अर्ध्या केसाचा फरक बोटाला लागायचा, तो हात नव्हता. आयुष्यात जी एकच गोष्ट त्यानं केली नव्हती, नेमक्या तिच्याबद्दल त्याचा मान होत होता.

“खिंड नव्हती,” तो म्हणाला. “कपची उडाली होती.”

धाकटे मालक बाजूच्या खोक्यावर बसले. “ठाऊक आहे मला. बाबांनी जाण्याआधी सांगितलं होतं.”

“मग?”

“मग काय? कोरियात निम्म्या किमतीत गिटारी होतात आता. अमेरिकेतल्या त्या व्यापाऱ्याला जुन्या फर्म्याच्या सहाशे हव्यात. म्हणजे चाळीस माणसांना वर्षभर काम. पण त्याला गिटारीबरोबर गोष्टही हवीय. कपचीला कोण विचारतो, कामिजोसान?” त्यांचा आवाज खाली आला. “लहानपणी तुमच्या याच बाकड्याखाली खेळलोय मी. तुम्हाला कमीपणा यावा म्हणून केलंय का हे? नको असेल तर तुमचं नाव काढतो. खिंड तेवढी राहू दे.”

“माझं नाव राहू द्या. तिसरं पान उघडा.”

धाकट्या मालकांनी पान उलटलं. ‘परदेशी वाद्यांच्या सखोल अभ्यासातून प्रेरणा घेऊन,’ असं तिथं छापलं होतं. कामिजोनं त्यांच्या हातातली लाल पेन्सिल घेतली, पण काही खोडलं नाही. नुसती त्या ओळीवर टेकवून धरली.

“तुम्हाला गोष्टच हवी ना, मालक? मग खरी द्या. तो व्यापारी घेईल, नाहीतर नाही घेणार.” त्यानं एकदा सगळ्यांकडे बघितलं. कपातली डोकी आता वर आली होती. “आम्ही नक्कल करत होतो. तुमचे वडील, मी, हे सगळे. आणि इतकी मन लावून करत होतो, की मोडलेलंसुद्धा सोडलं नाही.”